पानाफुलांची त्सुबा: पारखायची कशी, घ्यायची कशी, जपायची कशी

जपानी तलवारीची मूठ आणि पाते यांच्यामध्ये धातूची जी चकती बसवलेली असते, तिला त्सुबा म्हणतात. मुठीवरचा हात पुढे पात्यावर घसरू नये आणि तलवारीचा तोल नीट राहावा, ही तिची मूळ कामे. लोखंडी त्सुबा हा स्वतंत्र विषय आहे, तो इथे घेतलेला नाही. हा लेख तांबे, सोने, चांदी आणि त्यांच्या मिश्रधातूंत घडवलेल्या, म्हणजे 'किन्को' त्सुबांबद्दल आहे. त्यातही गवत, फुले, पक्षी, किडे, लाटा, चंद्र असे विषय कोरलेल्यांबद्दल. ऑनलाइन लिलावांत अशा त्सुबा सतत येत असतात. त्यात अस्सल कारागिरी असते, परदेशी गिऱ्हाइकासाठी केलेला माल असतो आणि साच्यातून काढलेल्या नकलाही असतात.

पाहण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी धातू, मग जमीन (म्हणजे चित्राच्या मागची सपाटी), मग कोरीव काम, मग चित्र, मग वापराच्या खुणा आणि सगळ्यात शेवटी सही. बहुतेक नवखे लोक बरोबर उलटे करतात. सही वाचून घेतात, नाव मोठे निघाले की खूश होतात आणि मग धातूकडे बघायचे राहूनच जाते. सही कोरणे हे या सगळ्या कामातले सर्वांत सोपे काम आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ पैसे वाचतात.

थोडी पार्श्वभूमी

या कलेत गोतो घराण्याचे नाव पहिले येते. त्याचा मूळ पुरुष गोतो युजो (१४४०–१५१२) हा शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) आशिकागा योशिमासाच्या पदरी होता. पुढे पिढ्यान्‌पिढ्या हे घराणे शोगुनांसाठी तलवारीचे जोडसामान घडवत राहिले. त्यांचे काम शिस्तीचे: काळ्या जमिनीवर सोन्याचा उठाव, विषय ठरलेले, मांडणी ठरलेली. एदो काळात (१६०३–१८६८) लढाया थांबल्या आणि तलवार हा पोशाखाचा भाग झाला. व्यापाऱ्यांना दोन तलवारी लावायची मुभा नव्हती, पण आखूड वाकिझाशी ते बाळगू शकत. पैसा त्यांच्याकडेच होता. तेव्हा दरबारी चाकरीबाहेर, शहरातल्या गिऱ्हाइकांसाठी काम करणारे कारागीर पुढे आले. योकोया सोमिन (१६७०–१७३३) हा त्यांतला सर्वांत गाजलेला. फुलपाखरे, बेडूक, पावसातला बगळा असले मोकळे विषय भरभराटीला आले ते या शहरी बाजारामुळे.

१८७६ साली मेइजी सरकारने सार्वजनिक ठिकाणी तलवार बाळगायला बंदी केली आणि या धंद्याचा कणाच मोडला. कानो नात्सुओसारखे (१८२८–१८९८) मोजके लोक तरले. नव्या जपानी नाण्यांच्या घडणीत त्याचा हात होता आणि पुढे तोक्योच्या कलाशाळेत तो प्राध्यापक झाला. बाकीच्यांनी फुलदाण्या, डब्या असा निर्यातीचा माल करायला घेतला. जुन्या त्सुबा मात्र पेट्या भरभरून युरोप-अमेरिकेला गेल्या, म्हणूनच आज त्या जगभरच्या संग्रहालयांत आणि लिलावांत दिसतात.

तयारी

दहापट मोठे दाखवणारे भिंग (सोनार वापरतात तेच), छोटी टॉर्च, व्हर्निअर आणि अंथरायला जाड सुती कापड. हातमोजे नायट्रिलचे घ्या. सुती मोज्यांचे धागे उठावात अडकतात. मोजे नसतील तर हात धुऊन पूर्ण कोरडे करा आणि चकती फक्त कडेने धरा. घामाचा ठसा काळ्या जमिनीवर उमटला की तो कायमचा राहू शकतो.

पहिली पायरी: सुलट धरणे

मधल्या भोकातून पात्याचे शेपूट जाते. या भोकाचे एक टोक रुंद असते आणि दुसरे निमुळते. निमुळते टोक वर येईल अशी त्सुबा धरा. कताना, म्हणजे लांब तलवार, कमरेला लावताना धार वर असते, म्हणून ही दिशा.

आता बाजूची भोके बघा. अर्धचंद्राकार भोक छोट्या सुरीसाठी (कोझुका) आणि तीन पाकळ्यांसारखे भोक कोगाई नावाच्या सळईसाठी. अर्धचंद्र डावीकडे आणि तीन पाकळ्यांचे भोक उजवीकडे आले, की तुम्ही पुढची बाजू बघता आहात. ही बाजू मुठीकडे असते, म्हणजे समोर उभ्या माणसाला दिसणारी. काही त्सुबांना एकच भोक असते, काहींना एकही नसते, काहींची भोके नंतर दुसऱ्या धातूने बुजवलेली असतात. बुजवलेले भोक हा दोष समजू नका. तलवारीचा साज बदलला की भोकेही बदलत.

मापे लिहून ठेवा: उंची, रुंदी, कडेची जाडी. कतानाची त्सुबा ढोबळमानाने साडेसात-आठ सेंटिमीटर भरते, वाकिझाशीची सेंटिमीटरभर लहान आणि तांतोची, म्हणजे खंजिराची, त्याहून लहान. आकाराची नावे (गोल, चार पाकळ्यांचा मोक्को वगैरे) सवयीने पाठ होतात, त्यात अडकू नका.

दुसरी पायरी: धातू ओळखणे

इथे घाई करायची नाही. किन्को त्सुबेची सगळी गंमत रंगात आहे आणि हा रंग वरून लावलेला नसतो. धातूच्या मिश्रणातच तो दडलेला असतो आणि रसायनात उकळल्यावर बाहेर येतो.

शाकुदो हा त्यांतला राजा. तांब्यात साधारण ३ ते ५ टक्के सोने, कधी याहून कमी-जास्त. घडताना तो तांब्यासारखाच लालसर दिसतो. काम पूर्ण झाले की मुळ्याच्या किसाने पृष्ठभाग तयार करतात आणि जंगाल व मोरचूद घातलेल्या पाण्यात उकळतात. मग त्यावर निळसर-जांभळी झाक असलेला काळा रंग चढतो. जपानी लोक त्याला कावळ्याच्या भिजलेल्या पिसाची उपमा देतात आणि ती तंतोतंत आहे. टॉर्च तिरकी धरून चकती हळू फिरवा. अस्सल शाकुदोच्या काळेपणात खोली दिसते, कोन बदलला की निळी छटा सरकते. काळा रंग किंवा लाख लावलेल्या तांब्यात हे होत नाही. तो काळा मेलेला असतो आणि कडांना त्याचे पोपडे निघतात.

शिबुइची म्हणजे तांबे आणि चांदी. नावाप्रमाणे चांदी चौथा हिस्सा असायला हवी, प्रत्यक्षात प्रमाण बदलते आणि रंगही हिरवट-राखाडीपासून फिक्या धुक्यापर्यंत जातो. पाऊस, संध्याकाळ, दव दाखवायला कारागीर हाच धातू घेतात. सेंतोकु हा पितळेच्या जातीचा, उबदार पिवळा-तपकिरी. शुद्ध तांब्यावरही उकळून तांबूस-तपकिरी छटा आणतात. सोने आणि चांदी बहुतेक वेळा जडावात येतात, क्वचित पूर्ण त्सुबाही त्यांची असते.

खात्री करायची तर मधल्या भोकाच्या आतल्या भिंतीवर टॉर्च मारा. पाते आत-बाहेर होऊन तिथला रंग गेलेला असतो आणि मूळ धातू उघडा पडलेला असतो. शाकुदोत तो तांबूस दिसेल. राखाडी-पांढरा दिसला तर समजा, जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव नक्कल, आजकाल सरावाच्या तलवारींना लावतात तसली.

सोनाराकडे नेणार असाल तर आधीच स्पष्ट सांगा: कसोटीवर घासायचे नाही, ॲसिड लावायचे नाही. सोन्याचे मिश्रण आहे म्हटल्यावर त्याचा हात आपोआप कसोटीकडे जातो. मोठ्या पेढ्यांत आणि हॉलमार्क केंद्रांत क्ष-किरणांवर चालणारे कॅरेटमीटर असते. त्याने वस्तूला धक्का न लावता पृष्ठभागाचे वाचन मिळते. काळ्या भागावर तांब्यासोबत काही टक्के सोने दाखवले तर शाकुदो असल्याचा चांगला पुरावा हाती आला. मात्र सोन्याच्या जडावावर यंत्र धरले तर वाचन फसवे येईल, म्हणून मोकळी जमीन निवडा.

आपल्याकडच्या बिदरीचे काम ज्यांनी जवळून पाहिले असेल त्यांना हा प्रकार लवकर उमगतो. तिथेही काळा रंग वरून फासलेला नसतो. जस्त-तांब्याच्या मिश्रणावर मातीची प्रक्रिया करून तो आणतात आणि चांदी उजळ राहते.

तिसरी पायरी: जमीन

चित्राच्या मागची सपाटी म्हणजे जमीन. तिच्यावरून कारागिराची आणि गिऱ्हाइकाच्या खिशाची पातळी कळते.

सर्वांत मानाची जमीन नानाको, म्हणजे माशाच्या अंड्यांसारखे बारीक दाणे. पेल्यासारखे टोक असलेला ठसा हातोडीने मारला की एक दाणा उठतो. एका ठोक्याला एक दाणा, अशा रांगांमागून रांगा. दाणा मिलिमीटरपेक्षा पुष्कळ लहान असतो. हे काम करणारे कारागीर वेगळे असत आणि आयुष्यभर तेवढेच करत. भिंगातून रांगेच्या मध्यावर वेळ घालवू नका. तिथे सगळेच बरे दिसते. रांग जिथे फुलाच्या पाकळीला किंवा पक्ष्याच्या चोचीला भिडते तिथे बघा. चांगल्या कामात दाणे थेट कडेपर्यंत पूर्ण गोल येतात आणि वळणावर किंचित दाटी करून रांग सांभाळतात. ओतीव नकलेत याच जागी दाणे एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात, दोन दाण्यांमधली खाच भरलेली असते, मध्येच हवेच्या बुडबुड्यांची सूक्ष्म छिद्रे दिसतात.

दगडासारखी खरबरीत केलेली जमीन म्हणजे इशिमे. ती ठशांनी अनियमित उठवतात आणि माळरान, आकाश, धुके यांना ती फार शोभते. तिसरी नुसती घोटलेली, गुळगुळीत. वाटते सोपी, पण तिच्यावर लपायला जागा नसते. एक ओरखडा पडला की दिसलाच.

चौथी पायरी: छिन्नीचे काम

पद्धती चारच लक्षात ठेवा, बाकी पुढे कळतील. ताकाबोरी म्हणजे उंच उठाव. त्यावर रंगीत धातूंचे पत्रे चढवले की इरोए. केबोरी म्हणजे केसासारखी बारीक रेघ. काताकिरीबोरी म्हणजे छिन्नी तिरकी धरून मारलेली रेघ, एका बाजूला खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ, त्यामुळे ती कुंचल्याच्या फटकाऱ्यासारखी जाड-बारीक होते. सोमिनचे नाव झाले ते या रेघेमुळे. चौथे हिरा-झोगान, म्हणजे खोबणीत दुसरा धातू ठोकून जमिनीच्या पातळीत सपाट केलेले जडावकाम.

एक ठरीव नमुना भिंगाखाली घेऊ: शाकुदोच्या नानाको जमिनीवर शरदातले गवत. सुसुकीचे लांब पाते सोन्याच्या तारेचे. ही तार नुसती चिकटवलेली आहे की खोबणीत बसवलेली, हे तिच्या टोकाशी दिसते. बसवलेली तार टोकाकडे निमुळती होत जमिनीत शिरते. चिकटवलेली बोथट तुटते आणि कडेला झाळल्याचा ओघळ दिसतो. पात्यावरचे दव म्हणजे सोन्याचे किंवा चांदीचे सुटे ठिपके, प्रत्येकासाठी वेगळे भोक पाडून बसवलेले. एखादा ठिपका गळून गेला असेल तर त्याची रिकामी खळगी दिसेल, आणि अशी खळगी म्हणजे खरेपणाची चांगली खूण आहे. गवताच्या बुडाशी नाकतोडा असेल तर त्याच्या मिशा आणि मागच्या पायाचा सांधा बघा. घाईच्या कामात पाय शरीराला कुठेही चिकटलेले असतात. ज्याने नाकतोडा खरोखर न्याहाळलेला आहे त्याच्या छिन्नीला सांधा सापडतो.

सोन्याच्या मुलाम्याबद्दल एक सूचना. उंच भागावर, पक्ष्याच्या छातीवर किंवा पाकळीच्या टोकावर, सोने झिजून खालचा धातू दिसणे साहजिक आहे. उंचवटे झिजलेले आणि खाचांत सोने शिल्लक, हे बरोबर. उंचवटे झगझगीत आणि खाचा काळ्याकुट्ट, असे दिसले तर कोणीतरी पॉलिश केले आहे किंवा वरून नवा मुलामा दिला आहे.

पाचवी पायरी: चित्र वाचणे

मला स्वतःला यातच सर्वांत रस आहे, त्यामुळे इथे जरा रेंगाळतो.

निसर्गाची त्सुबा वाचताना पहिला प्रश्न: ऋतू कोणता? जपानी कवितेत आणि चित्रकलेत प्रत्येक फुलापक्ष्याला ऋतू ठरलेला आहे आणि कारागीर तो पाळतात. बर्फातला प्लम म्हणजे सरता हिवाळा आणि वसंताची चाहूल, बहुधा सोबत उगुइसू पक्षी. पियोनी म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात, आणि तिच्याबरोबर सिंह आला तर ती ठरलेली जोडी. हागी, सुसुकी, किक्यो अशी शरदातली सात गवते-फुले मानलेली आहेत. सातही एकाच चकतीवर दिसली पाहिजेत असे नाही. गवत आणि मोठा चंद्र, बाकी काही नाही, असे असेल तर तो मुसाशीचा माळ, म्हणजे आजच्या तोक्योभोवतालचा प्रदेश. जपानमधले शरदातले चंद्रदर्शन साधारण आपल्या कोजागरीच्या आगेमागेच येते, त्यामुळे हा मूड मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही.

ज्वारीसारख्या दिसणाऱ्या कणसाखाली लावा पक्षी दिसले तर शरद. बोरूच्या बेटावर उतरणारे हंस, तेही शरदच. लाटांवर चिदोरी पक्ष्यांचा थवा म्हणजे हिवाळा.

काही विषयांना ऋतूपलीकडचा अर्थ आहे. चतुर हा किडा पुढेच उडतो, मागे फिरत नाही, अशी समजूत. म्हणून त्याला जिंकणारा किडा म्हणतात आणि सामुराईंना तो आवडे. धबधबा चढणारा कार्प मासा चिनी दंतकथेतून आलेला. वर पोचला की तो ड्रॅगन होतो. पुढचे पाय उगारलेला प्रार्थनाकीटक रथालाही आडवा जातो. याला शौर्य म्हणायचे की मूर्खपणा, हे पाहणाऱ्याने ठरवायचे. लाटांवर धावणारा ससा दिसला तर चंद्र शोधा. तो कोरलेला नसला तरी अध्याहृत आहे.

दुसरा प्रश्न: मागच्या बाजूला काय? ही एका तोंडाची वस्तू नाही. पुढे झाडाची फांदी आणि पक्षी, तीच फांदी कडेवरून वळून मागे गेलेली आणि मागे फक्त एक गळालेले पान. किंवा पुढे चंद्र, मागे नुसते वाहते पाणी. चांगला कारागीर मागच्या बाजूला गप्प बसतो. मागे काहीच नाही म्हणजे काम अपुरे, असे मानू नका. उलट दोन्ही बाजूंना सारखीच गर्दी असेल तर मी जरा सावध होतो.

घराण्यांच्या आवडीही विषयात दिसतात. इशिगुरो मासात्सुने (१७६०–१८२८) आणि त्याच्या परंपरेतले लोक फुले-पक्ष्यांचा थाटमाट करतात: तितर, ससाणे, पियोनी, सोने-चांदी-शाकुदो सगळे एकाच वेळी. ओमोरी तेरुहिदे (१७३०–१७९८) लाटांसाठी प्रसिद्ध, लाटेच्या पोटाखालून छिन्नी घालून ती मोकळी केलेली. नारा परंपरेतला त्सुचिया यासुचिका (१६७०–१७४४) थोडक्यात बोलणारा, रिकाम्या जागेवर विश्वास असलेला. इशिगुरोचा थाट लिलावात भाव खातो, ते योग्यही आहे. पण रोज समोर ठेवायला मी यासुचिकाच्या वळणाची साधी चकती निवडेन.

सहावी पायरी: ही तलवारीवर बसली होती का?

मधल्या भोकाभोवती लंबगोल सपाट जागा असते, सेप्पा-दाई. तिथे दोन्ही बाजूंनी पातळ तांब्याच्या चकत्या दाबून बसत. वापरलेल्या त्सुबेवर त्या चकत्यांची कड फिकी उमटलेली असते. भोकाच्या वर-खाली ठशाचे ठोके असतील तर ते पात्यावर घट्ट बसवण्यासाठी मारलेले. कधी भोकात तांब्याचे तुकडे भरलेले दिसतात, तेही त्यासाठीच. नवख्याला ही तोडफोड वाटते. खरे तर हा त्या चकतीचा सेवाकाळ आहे.

सेप्पा-दाईवर एकही खूण नाही, चित्र त्या जागेत घुसले आहे, भोक पाते जाणारच नाही इतके बेढब: असे दिसले तर योकोहामा बंदरातून परदेशी गिऱ्हाइकांना विकण्यासाठी केलेला माल असण्याची शक्यता मोठी. त्याला हामामोनो म्हणतात. त्यातही हात चांगले असू शकतात, पण किंमत त्या हिशेबाने द्या. आणि 'सामुराईने युद्धात वापरलेली' असे वर्णन शाकुदोच्या फुलपाखराला चिकटवलेले दिसले तर विक्रेत्याला विषय कळत नाही किंवा गिऱ्हाइकाला कळत नाही असे तो धरून चालला आहे.

शेवटी कडेवरून नखाएवढ्या अंतराने भिंग फिरवत पूर्ण फेरी मारा. कडेच्या मध्यावरून किंवा भोकांच्या आतून जाणारी बारीक शीव म्हणजे दोन भागांच्या साच्याची खूण.

सातवी पायरी: आता सही

सही बहुधा पुढच्या बाजूला, मधल्या भोकाच्या डावीकडे. नाव, त्याखाली कधी काओ, म्हणजे कारागिराचे वळणदार चिन्ह. कधी उजवीकडे गाव, वय किंवा साल. सही नसलेल्या उत्तम त्सुबा पुष्कळ आहेत. सही नसण्याला 'मुमेई' म्हणतात आणि त्यात कमीपणा नाही. खोट्या सहीला 'गिमेई' म्हणतात. सोमिनच्या नावाच्या खोट्या सह्या इतक्या आहेत की त्याचे नाव दिसले की आधी संशय घेणे हीच रीत.

भिंगातून अक्षराचा आकार नंतर बघा, आधी ठोके बघा. छिन्नी पुढे सरकताना छोट्या पाचरींची साखळी उमटते. सराईत हाताची साखळी एका लयीत असते, नक्कल करणाऱ्याची अडखळते. सेप्पा-दाईवर झीज आहे आणि सही मात्र ताजी-धारदार, असे असेल तर सही नंतर आली.

प्रमाणपत्रांपैकी सर्वांत जास्त चालते ते १९४८ साली स्थापन झालेल्या, एनबीटीएचके या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या जपानी संस्थेचे. चढत्या क्रमाने होझोन, तोकुबेत्सु होझोन, जूयो, तोकुबेत्सु जूयो. कागदावर वस्तूचे छायाचित्र असते. ते आणि हातातली त्सुबा ओरखड्यांसकट जुळते का ते बघाच. जुन्या पद्धतीची 'किचो' प्रमाणपत्रे अजून बाजारात फिरतात, पण आजच्या कागदांइतका भरवसा त्यांच्यावर कोणी ठेवत नाही.

विकत घेताना

फोटो मागा: दोन्ही बाजू समोरून, दोन्ही बाजू तिरक्या उजेडात, पूर्ण कड, मधल्या भोकाची आतली भिंत, सहीचा जवळून. यातला कोणताही फोटो द्यायला विक्रेता खळखळ करत असेल तर पुढे जा. वजन आणि मापे लेखी घ्या. 'साफ केली आहे का' हा प्रश्न सरळ विचारा.

पहिली खरेदी म्हणून वाकिझाशीची, सही नसलेली, शाकुदो नानाकोची छोटी त्सुबा घ्यावी असे माझे मत आहे. नावाचे पैसे पडत नाहीत आणि हातात अस्सल धातू येतो. त्याच पैशांत मिळणारी मोठ्या नावाची कतानाची त्सुबा जवळपास नेहमीच संशयास्पद असते.

भारतात मागवताना पार्सलवर 'शोभेची धातूची चकती, पाते नाही' असे स्पष्ट लिहायला सांगा. 'तलवार' हा एकच शब्द वाचून पार्सल अडकू शकते. पावती आणि आयातीची कागदपत्रे जपा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुढे कधी देशाबाहेर पाठवायची झाली तर १९७२ चा पुरावशेष कायदा आड येऊ शकतो, तेव्हा ही कागदे लागतात.

विकत घेण्याआधी डोळा तयार करायचा तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या संग्रहातल्या असंख्य वस्तूंची छायाचित्रे मुक्त वापरासाठी खुली केली आहेत, त्यात त्सुबा भरपूर आहेत. बोस्टनचे ललित कला संग्रहालय, बाल्टिमोरचे वॉल्टर्स, लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांचे संग्रहही मोठे. अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हे सहज जमण्यासारखे आहे, फक्त त्सुबा दालनात मांडलेल्या आहेत की कोठारात, हे आधी विचारून जा. जपानला जाणार असाल तर तोक्योत उएनोचे राष्ट्रीय संग्रहालय आणि २०१८ पासून र्‍योगोकुत असलेले तलवार संग्रहालय, आणि क्योतोत कियोमिझु सान्नेन्झाका संग्रहालय. शेवटचे छोटे आहे, पण एदोच्या अखेरच्या आणि मेइजी काळातल्या धातुकामासाठी मुद्दाम जावे असे.

घरी आणल्यावर

आपल्याकडे तांबे-पितळ दिसले की चिंच, लिंबू-मीठ किंवा पितांबरी बाहेर येते. घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या मावशींनाही, आधीच सांगून ठेवा की ही वस्तू घासायची नाही. त्सुबेचा रंग म्हणजे मायक्रॉनच्या हिशेबातली पातळ त्वचा. चिंचेचा एक हात फिरला की शाकुदो लालसर तांबे होऊन बसेल. पुन्हा उकळून रंग आणता येतो, पण ते काम जपानमधल्या जाणकाराचेच, आणि मूळ रंग गेला तो गेलाच.

धूळ मऊ, कोरड्या ब्रशने उडवा. बोटाचा ठसा पडला तर लगेच मऊ सुती कापडाने हलके टिपा, चोळू नका. तेल लावायचे नाही. ते पात्याला लावतात, किन्को त्सुबेला नाही. चांदीचा चंद्र काळवंडला तरी राहू द्या. शाकुदोच्या आकाशात तो करडा चंद्र ढगाआडचा वाटतो, आणि घासलेला चंद्र नव्या नाण्यासारखा डोळ्यात खुपतो. यावर दुमत असणारे संग्राहक आहेत. पण घासणे उलटे फिरवता येत नाही, एवढे त्यांनाही मान्य असते.

ठेवायला पारंपरिक किरी लाकडाची पेटी मिळाली तर उत्तम. नसेल तर आम्लमुक्त कागद आणि झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा. रबरबँड, लोकर, नमदा, वर्तमानपत्र यांतला गंधक आणि आम्ल चांदीला आणि तांब्याला मारक आहेत. प्लायवूड आणि एमडीएफचे नवे कपाट महिनोन्‌महिने वाफ सोडत राहते, तिथे नको. डांबरगोळ्या असलेल्या कपड्यांच्या कप्प्यातही नको, देवघराच्या शेजारीही नको. कापूर-उदबत्तीची काजळी नानाकोच्या खाचांत बसली की निघत नाही.

कोकणपट्टीत, गोव्यात आणि मुंबईत खरा शत्रू पावसाळा. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि रंग बदलणाऱ्या घ्या, म्हणजे कधी बदलायच्या ते कळते. जून ते सप्टेंबर डबा कमीत कमी उघडा. ऑक्टोबरची उन्हे पडली की भिंग घेऊन एकदा तपासा, विशेषतः जडावाच्या कडा आणि बुजवलेली भोके. हिरवट भुकटीचा ठिपका दिसला तर त्याचा फोटो काढा, मापासाठी शेजारी पट्टी ठेवून. महिन्याने पुन्हा त्याच जागेचा फोटो काढून ताडून बघा. ठिपका तेवढाच असेल तर हात लावू नका. वाढला असेल तर संग्रहालयातल्या धातुसंवर्धन जाणणाऱ्या माणसाला गाठा आणि जाताना हे दोन्ही फोटो बरोबर न्या.